आशीर्वाद गेला जकार्ताच्या पोरींना

गिंबाल,
रविवार, मिस्सा आटोपल्यावर

मी परदेशी जुगार खेळायला गेले होते, असं तू मियागावच्या चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून सांगितलंस. नाही म्हणू नकोस. ऐकणारीने त्याच दुपारी मला फोन केला आणि तू कुठल्या रंगाची छत्री धरली होतीस तेही सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! आपल्या घरात जुगार खेळला तो एकट्या माझ्या नवऱ्याने, तोही कोंबड्यांच्या झुंजीवर, आणि तो झुंजीतल्या कोंबड्यांआधीच वर गेला. मी नातीचा सामना बघायला गेले होते. सामना! त्यावर कुणी पैसे लावत नाही. निदान मी लावले नाहीत (माझ्याबरोबर आलेल्या पासिंगचं पासिंगला ठाऊक).

असो. थोरली बहीण मानांग तिबांग हिला धाकट्या सोरिंगचा मान. इथूनच तुझा हात कपाळाला लावते. वयाने मोठी आहेस, त्याला माझा इलाज नाही. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हटलंय, मग चर्चच्या पायऱ्यांवर कशाला उभी राहतेस? माझी तब्येत उत्तम आहे, हे वाचून तुला वाईट वाटलं तर वाटू दे. फोन तू मध्येच ठेवतेस म्हणून पत्र लिहिते. माझं अक्षर चौथीत शाळेबरोबरच थांबलं, तेव्हा चष्मा लाव आणि सावकाश वाच.

मूळ गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतेस. माझा लेक रोदेलियो बोटीवर परत जायच्या आदल्या दिवशी जेवताना काय म्हणाला? म्हणाला, रोझविल हा सामना जिंकली तर तिने खुशाल खेळत राहावं, मी तोंड उघडणार नाही. हरली तर मोबाईल ठेवायचा आणि नर्सिंगच्या कॉलेजात परत जायचं. पोरीने मान हलवली. तू त्याची धर्ममाता, तू तिथेच भाताचा डाव हातात धरून "शब्द म्हणजे शब्द" म्हणालीस. कुणी तुला विचारलं होतं का? पोर नर्सिंगला होती तेव्हा काय झालं ते त्याला सांगायचं होतंस. पहिल्याच महिन्यात रक्त बघून आडवी झाली आणि ज्याला सुई टोचायची त्या पेशंटनेच उठून हिला खाटेवर निजवलं. असली नर्स उद्या तुझ्या गुडघ्याला मिळाली म्हणजे कळेल.

तर जकार्ता. पोरीच्या टीमवाल्यांनी घरच्या माणसांसाठी तीन तिकिटं दिली. सुनेला दुकान आणि तान्हं पोर, म्हणून मी, फेलिसिदाद आणि पासिंग निघालो. फेलिसिदाद शाळेत बाई होती, तिला इंग्रजी येतं आणि येतं हे ती विसरू देत नाही. पासिंग मासळी विकते, तिला काही येत नाही पण आवाज आहे. मनिलाच्या विमानतळावर शिक्का मारणाऱ्या पोराने आजीला हाक मारावी तसं विचारलं, "लोला, कशासाठी चाललात?" फेलिसिदाद इंग्रजी जुळवत होती, तेवढ्यात पासिंग म्हणाली, "लढाईला." मग आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. मोबाईलवरची लढाई आहे, पाच पोरी इकडून आणि पाच तिकडून, एकमेकींचा किल्ला फोडतात, हे मी त्यांच्या साहेबाला समजावलं. तो म्हणाला, "आणि तुम्ही तिघी त्यात काय करणार?" मी म्हटलं, "तू शिक्का मारशील तर सांगते." मारला.

सामन्याचं सभागृह एवढं मोठं की आपलं चर्च त्यात वेदीसकट उभं राहील आणि वर आरामात कबुतरं उडतील. आणि गारठा! हजारो माणसं आत घालून वरून बर्फासारखी हवा सोडतात, मासळी ताजी ठेवायची तशी. मी अंगाला शाल गुंडाळली, डोक्याला टॉवेल बांधला. हा टॉवेल नीट ध्यानात ठेव, पुढे त्याचं काम आहे.

आम्ही घरची माणसं, म्हणून गळ्यात पट्टे अडकवून आम्हाला मागच्या बाजूच्या बोळात बाकावर बसवलं. म्हणाले, पोरी इथूनच मंचावर जातील. थोड्या वेळाने काळ्या जाकिटातल्या पाच पोरी आल्या. तोंडाला काळी फडकी, केस सगळ्यांचे एकाच न्हाव्याने बिघडवलेले. पहिली माझ्यासमोर थांबली, वाकली, माझा हात घेतला आणि कपाळाला लावला. आता तू सांग, तुझा हात कुणी कपाळाला लावला तर तू काय करतेस? आधी ओळखपत्र मागतेस? तोंडातून आपोआप जातं ते गेलं: "देव तुझं भलं करो, आज जिंकून ये." दुसरी आली, तिलाही तेच. अशा पाचही जणी. मी तर खूश, म्हटलं आपल्या टीमला वळण चांगलं आहे. रोझविल त्यांत कुठली ते कळलं नाही, पण फडक्याआड स्वतःची नातही ओळखू येत नाही, आणि घाईत आजीला नावाने कोण हाक मारतं.

त्या गेल्या, आणि मागून आणखी पाच काळी जाकिटं धावत आली. त्यांतल्या एकीने फडकं खाली ओढलं आणि ओरडली, "लोला, उशीर झाला, नंतर भेटते!" आणि सगळ्या पळाल्या. हात नाही, कपाळ नाही, काही नाही. ती रोझविल होती.

पासिंग म्हणाली, "मग मघाच्या कोण?"

मला काय ठाऊक की हा देशही मोठ्यांचा हात कपाळाला लावणारा आहे! मला वाटत होतं हे आपल्याकडचंच. तिथे रिक्षावाल्यापासून पंचापर्यंत सगळे म्हातारं माणूस दिसलं की वाकतात. फेलिसिदाद डोक्याला हात लावून बसली. "सोरिंग, तिसरीच्या डोक्याला रुमाल गुंडाळलेला होता! आपल्या टीममध्ये रुमालवाली कुठली आली?"

मी म्हटलं, "माझ्याही डोक्याला टॉवेल आहे. मला वाटलं तिलाही थंडी वाजतेय."

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे!"

"मी दाखवला नाही. त्यांनी घेतला."

सामना पाच डावांचा. तीन जिंकेल तो जिंकला. पहिले दोन डाव आपण असे हरलो की बघवेना. मला त्या खेळातलं काही कळत नाही, मी सांगून ठेवते. पण रोझविलने डावी वाट मोकळी सोडली आणि जंगलात गेली तेव्हाच मी म्हटलं, आता बुरूज गेला. गेलाच. आजूबाजूला जकार्ताची हजारो माणसं नाचतायत आणि मधे आम्ही तिघी, आपल्याच घरावर दगड मारून आल्यासारख्या. पासिंग मला कोपराने ढोसून सारखी म्हणायची, "परत घे." आशीर्वाद परत घेता येतो का यावर आमचं भांडण झालं. पासिंग म्हणे, वाईट मासा परत घेतात तसा घ्यायचा. फेलिसिदाद म्हणे, दिलेला परत घेतला तर शाप होतो. मी म्हटलं, तुम्ही भांडत बसा, मी दुसरा देऊन येते. माझ्याकडे काय एवढाच होता?

दुसऱ्या डावानंतर थोडी विश्रांती असते. मी उठले. पायऱ्यांच्या तोंडाशी आडदांड रखवालदार उभा होता. त्याने आडवा हात धरला, मी माझा हात पुढे केला. बिचाऱ्याने काय करावं? वाकला, कपाळाला लावला, आणि ज्या बाईचा हात आत्ताच कपाळाला लावला तिला ढकलणार कसा? बाजूला झाला. पुढचाही तसाच. माझ्या मागोमाग पासिंग आणि फेलिसिदादही निघाल्या. तिसरी एक बाई होती, कानात यंत्र, हातात यंत्र, तोंडाने फडाफडा बोलणारी. तिनेही बोलता बोलताच हात घेतला. तिबांग, आयुष्यभर आपण रांगा लावून मेलो, आणि हा पास सबंध वेळ आपल्या मनगटाला लटकत होता!

मंचाच्या कठड्यापाशी पोचले, पण पोरी पाठमोऱ्या. कानावरची ती मोठी टोपणं त्यांनी काढली होती, तरी हाका ऐकू जाईनात. सगळं सभागृहच कुणाची ना कुणाची नावं घेऊन ओरडत होतं. मग माझ्या मागून पासिंगने, डोळे मिटून, सकाळी आपल्या गल्लीत टाकते तशी आरोळी टाकली: "बांगडेsss! ताजे बांगडेsss!" जन्मापासून ती आरोळी ऐकून उठलेली पोर, ती गर्रकन वळली.

मी हात वर धरला. रोझविल मंचाच्या कडेला आली, गुडघ्यावर बसली, वाकून हात कपाळाला लावला. मागून तिच्या चौघी. कॅमेरावाल्याला तेवढंच हवं होतं. माझा हात समोरच्या पडद्यावर आपल्या घराच्या दारापेक्षा मोठा दिसला, नखातल्या हळदीसकट. आणि सभागृह जे टाळ्या वाजवायला लागलं, परकी माणसं, त्यांच्या विरुद्ध आलेली आमची टीम, तरी! तेवढ्यात पंच धावत आला. नियम असा की खेळाडूला बाहेरून सल्ला द्यायचा नाही. "आजी, काय सांगितलंत तुम्ही त्यांना?" फेलिसिदादने इंग्रजी केलं. मी म्हटलं, "देवाने भलं करावं म्हटलं. हा सल्ला असेल तर देवाला दंड करा." त्याने आणखी दोघांशी खल केला, मग सल्ला नाही असा निकाल दिला आणि जाताना माझा हात कपाळाला लावून गेला. (त्यालाही दिला. पंचाचं भलं झालेलं कधीही चांगलं.)

पुढचे दोन डाव आपण जिंकलो. मानांग, ती पोर तुला बघायला हवी होती. घरात मीठ हवं तरी बोटाने दाखवते, तोंड उघडत नाही; तिथे चौघींना सेनापतीसारखी हुकूम सोडत होती, आवाज न चढवता, आणि चौघी ऐकत होत्या. आपल्या घरात आजवर बाईचं कुणी ऐकलं असेल तर ते भात करपतोय म्हटल्यावर. पासिंगने सगळ्या रांगेला बिस्कोचोचे गोड टोस्ट वाटले, शत्रूलासुद्धा. शत्रूने आम्हाला तळलेली केळी दिली. आपल्यापेक्षा बरी होती, पण हे गावात बोलू नकोस.

पाचवा डाव हरलो. उगाच लांबवत नाही. अगदी शेवटी, दोन्ही किल्ले पडायच्या बेतात असताना, त्यांचा घाव आधी बसला. रोझविल रडली नाही. खाली आली, म्हणाली, "लोला, कॉलेजची फी कधी भरायची असते?" आणि मी म्हटलं, आधी जेव.

जेवली. दोन थाळ्या जेवली. आम्ही तिघीही जेवलो. दुसऱ्या दिवशी बाजार हिंडलो, तुझ्यासाठी चादर आणली आहे, आणि खरं सांगायचं तर मला इतकं मजेत कुठेच वाटलं नव्हतं, लग्नात तर नाहीच नाही. देव तुला चांगलं ठेवो, गुडघ्याला आल्याचं तेल चोळ.

तुझी धाकटी,
सोरिंग

ता. क. रोदेलियोची बोट बंदराला लागली की तो तुला फोन करील, मला नाही. मी पक्षपाती आहे म्हणे. धर्माच्या गोष्टीत तो तुझ्या शब्दाबाहेर नाही. तेव्हा त्याला एवढंच सांग. पहिले दोन डाव रोझविल हरली नाही, ते माझ्या हाताने हरले. आशीर्वाद चुकीच्या घरी गेला होता, आणि आशीर्वादापुढे पोरीचे अंगठे काय करणार? ते डाव धरायचे नाहीत. उरले तीन. त्यांत दोन्ही बाजूंना आशीर्वाद सारखा होता. तीनपैकी दोन आपण जिंकलो, एक त्या. मग सामना कोण जिंकलं? मी चौथी शिकले तरी मला हिशोब येतो; तू तर सगळ्या गावाच्या नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थना मोजून चालवतेस. शब्द म्हणजे शब्द, तूच म्हणाली होतीस. पोर जिंकली. तसं सांग.

ता. क. दुसरा. हे फक्त तुझ्यापुरतं, रोदेलियोला नाही. टॉवेलचं जे वर लिहिलं ते फेलिसिदादला सांगायचं कारण होतं. तिसरी पोर वाकली तेव्हाच मला कळलं की या आपल्या नव्हेत. मला काय रुमाल आणि टॉवेल कळत नाही? पण तिचा हात बर्फासारखा पडला होता आणि माझा हात तिला सोडवेना. असा हात मी ओळखते, घरून निघताना रोझविलचा तसाच होता. तिच्याही घरी कुणीतरी रोदेलियो जेवायला बसून "हरलीस तर बघ" म्हणालाच असणार. मागे आणखी दोघी उभ्या होत्या. रांगेतल्या पोरींना अर्ध्यावर काय सांगायचं, दुकान बंद झालं? मग दिला पाचही जणींना, आणि पुरता दिला, मापात मारला नाही. सेकार नाव तिचं. नंतर चौकशी केली. बाप आता काही बोलत नाही म्हणे.

चादर हवी असेल तर आधी काम कर. आणि या पत्राला तू उत्तर देऊ नकोस, तू चार पानं लिहिशील आणि त्यात तीन पानं माझ्या नवऱ्यावर असतील. उत्तर रोदेलियोने द्यायचं, मला नाही, पोरीच्या आईवर ढकलायचं नाही. पोरीला, स्वतः, "खेळ" एवढंच.