अनोळखी पुरुषाच्या मृतदेहाचा ताबा मिळणेबाबत

अल्लाहच्या नावाने

प्रति,
मा. विभागप्रमुख,
बेवारस व परदेशी मृत व्यक्ती विभाग,
जिल्हा कार्यालय, गुलदश्त, खोरासान.

विषय : सरकारी शवागारातील एका अनोळखी परदेशी पुरुषाचा मृतदेह धर्मकार्य म्हणून दफनासाठी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयातील श्री. फरहमंद यांनी खिडकीवर दिलेली तोंडी सूचना.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून मी, तय्यबे सब्बाग, राहणार केशरमळा वस्ती, गुलदश्त, विनंतीपूर्वक सादर करते की, अर्जात पुढे असलेले निवेदन मी श्री. फरहमंद यांच्या सांगण्याप्रमाणे शब्दशः लिहिले आहे. ते खोटे आहे. खोटे लिहून देण्यापूर्वी खरे काय ते सरकारच्या एका तरी अधिकाऱ्याला लेखी कळवावे, असे मनात आले, म्हणून मधली पाने वाढली आहेत. श्री. फरहमंद म्हणाले, "लिहा खानम, हवं तेवढं लिहा. मी पहिलं पान आणि निवेदनाचं पान फाईलला लावीन. बाकीचं साहेबांनी वाचलं तर वाचलं." आपण वाचावे, एवढीच विनंती आहे.

१. मयताचे नाव गुलाम सरवर. सरहद्दीपलीकडच्या हेरातकडचा. विहिरी खोदणे आणि भुयारी पाटातला गाळ काढणे हा त्याचा धंदा. माझ्या वडिलांच्या केशराच्या शेतातली विहीर आटली तेव्हा ती खोल करायला तो आला. पाणी लागले, आणि तो आमच्याच वस्तीत राहिला. वडिलांनी स्वतःहून त्याला लग्नाचे विचारले. आमचा निकाह कै. हाजीआगा मसऊदी यांनी आमच्या ओसरीवर लावला. धर्माप्रमाणे त्यात काही उणे नव्हते. परंतु देशातील मुलीने परदेशी पुरुषाशी लग्न करायचे तर सरकारी परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय लग्नाची नोंद होत नाही. परवान्यासाठी आम्ही अर्ज केला. तो विचाराधीन असतानाच मुलगी शकीबा जन्मली, तिला दात आले, ती शाळेच्या वयाची झाली, आणि आता ती माझ्यापेक्षा उंच आहे. माझ्या ओळखपुस्तिकेतले लग्नाचे पान अजून कोरे आहे. सरकारी दप्तरात मी अविवाहित आहे.

२. सरवरच्या देशाच्या त्या काळच्या वकिलातीने आम्हाला विवाहाचा दाखला दिला होता. हिरव्या शाईचा मोठा शिक्का होता, वर 'इस्लामी प्रजासत्ताक' असे लिहिलेले. पुढे ते प्रजासत्ताक पडले. दुसऱ्या लोकांचे राज्य आले. त्यांच्या राज्याला आपल्या सरकारने रीतसर मान्यता दिलेली नाही, मात्र वकिलातीच्या किल्ल्या दिल्या आहेत. मी दाखला घेऊन तिथे गेले. तिथल्या गृहस्थाने शिक्का पाहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "हे सरकार आता कुठे आहे, बाई? तेच शिक्कामोर्तब करून देईल तुम्हाला." आपल्या कोर्टात गेले तर तिथे सांगितले की, वकिलातीत आज जे बसले आहेत त्यांची सही आणा. अशा रीतीने जे सरकार उरले नाही त्याचा शिक्का माझ्याकडे होता, आणि जे उरले होते ते मला ओळखत नव्हते.

३. गेल्या उन्हाळ्यात परदेशी लोकांची तात्पुरती रहिवासी कार्डे रद्द झाली. सरवर त्या दिवशी कासिमींच्या शेतात विहिरीच्या तळाशी होता. पोलीस काठावर आले आणि खाली हाक मारली, "उस्ताद, वर या, चहा झालाय." तो दोर धरून वर आला. हात धुवायला पाणी मागितले. पाणी दिले, मग गाडीत बसवले. चहा खरोखरच झाला होता. तो पोलिसांनी घेतला. हे मला कासिमींनी सांगितले. सांगताना त्यांना थोडे हसूही आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

४. मी निकाहाचा कागद घेऊन सरहद्दीवरच्या छावणीत गेले. तारेच्या पलीकडे तो दिसत होता, पायांवर विहिरीचा चिखल वाळलेला. छावणीचे अधिकारी तरुण आणि सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली. माझी ओळखपुस्तिका शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाले, "खानम, हे पान कोरं आहे. कोऱ्या पानावरचा नवरा मी कसा सोडू?" मी म्हटले, मग मलाही त्याच्याबरोबर पाठवा. ते म्हणाले, "अविवाहित इराणी बाईला परक्या पुरुषाबरोबर सरहद्द ओलांडू दिली, तर माझी नोकरी जाईल." संध्याकाळच्या बसने त्याला नेले.

५. यानंतर शकीबाच्या नागरिकत्वाचे प्रकरण निघाले. आई देशातील असेल तर मुलांना नागरिकत्व मागता येते, हा कायदा चांगला आहे. परंतु त्यासाठी आईबापांचा विवाह सिद्ध करावा लागतो. निकाहाचे दोन्ही साक्षीदार हेरातचे होते आणि सरवरच्या आधीच्याच बसने गेले होते. न्यायाधीश महाशयांनी सांगितले, "नवऱ्याला समक्ष उभं करा. त्यानं येऊन कबूल केलं की झालं." तारीख दिली. तारखेस नवरा हजर न झाल्यास, लग्नाशिवाय मुलगी कशी झाली याची चौकशी करण्यासाठी माझी फाईल सरकारी वकिलांकडे पाठवण्यात येईल, असेही त्याच कागदाच्या तळाशी लिहिले होते. मी सरवरसाठी व्हिसाचा अर्ज भरला. 'पती/पत्नीचे नाव' या रकान्यात नोंदणीकृत विवाहाचा क्रमांक विचारला होता. खिडकीवरच्या मुलीने पेनाने त्या रकान्यावर टकटक केले आणि पुढच्या माणसाला बोलावले.

६. मी फोनवर सरवरला सगळे सांगितले. येऊ नकोस, असेही सांगितले. हे मी आज आपल्यासमोर अल्लाहला स्मरून लिहिते, कारण श्री. फरहमंद मला म्हणाले होते, "तुम्हीच बोलावलंत ना त्याला?" मी बोलावले नाही. पण तारीख मी सांगितली. त्याने ती माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतली. मग म्हणाला, "कोर्टात एवढंच सांगायचं ना, की तय्यबे माझी बायको आहे? ते तर मी झोपेतही सांगेन. त्यात काय एवढं." मग शकीबाला फोनवर बोलावून तिला विचारले, "कोर्टात जाताना कोणता सदरा घालू?" ती म्हणाली, "बाबा, येऊ नका." तो म्हणाला, "निळा घालतो."

७. डोंगरातून माणसे आणणाऱ्यांच्या गाडीतून तो आला. गाडीत माणसांवर माणसे होती. वयाने मोठे म्हणून तिघांना मागच्या डिकीत मोकळी जागा दिली होती. वाटेत तपासणीचे नाके दिसल्यावर चालकाने गाडी उतारावर घातली आणि ती घळीत उलटली. पुढचे जखमी झाले, डिकी उघडली नाही. त्यातल्या एका जखमी मुलाने रुग्णालयातून मला फोन केला. तो एवढेच बोलला, "मावशी, सरवरकाका मागे होते." मग रडू लागला आणि कोणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला.

८. मी शवागारात गेले. ताबा फक्त नातेवाइकांना मिळतो. मी पत्नी आहे म्हटल्यावर त्यांनी ओळखपुस्तिका मागितली, आणि पुढे काय झाले ते मी पुन्हा लिहीत नाही. शकीबा रक्ताची आहे. पण तिच्याकडे कोणताच कागद नाही, आणि ती नातेवाईक म्हणून पुढे आली तर बेकायदेशीर परदेशी म्हणून तिला त्याच छावणीत नेतील, असे तिथल्याच एका शिपायाने मला बाजूला घेऊन सांगितले. देव त्याचे भले करो.

९. त्यानंतर कोर्टाची तारीख आली. पुकारा झाला, "गुलाम सरवर हाजिर?" मी उठून म्हणाले, "साहेब, तो याच गावात हजर आहे, शवागारात." कारकुनाने मान वर न करता विचारले, "म्हणजे गैरहजर लिहू?" न्यायाधीश महाशय चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी पेन खाली ठेवले, चष्मा पुसला. मग म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतं. पण कबुली जिवंत माणसाचीच धरतात." दावा काढून टाकण्यात आला. मृत्यूच्या दाखल्यावरून तरी विवाह मानावा, असे मी म्हटले. त्यावर कारकून म्हणाला की मृत्यूचा दाखला वारसालाच मिळतो.

१०. मग मी आपल्या कार्यालयात आले. श्री. फरहमंद यांनी मार्ग काढून दिला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते म्हणाले, "तुम्ही नातं सांगता, तिथेच सगळं अडतं. नातं सांगितलं की पुरावा आला. नातं सोडा. कुठल्याही मुसलमानाला बेवारस मुसलमान पुरण्याचं पुण्य घेता येतं. मात्र लेखी द्यावं लागेल की तो तुमचा कोणी नव्हता." मी विचारले की हे लेखी कुठे जाईल. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की एक प्रत कोर्टात जाईल आणि शकीबाच्या प्रकरणाला लागेल. मग ते प्रकरण पुन्हा कधी उघडणार नाही. सरकारी वकिलांकडची माझी फाईल मात्र उघडीच राहील, कारण मुलगी तर आहेच.

मी घरी येऊन शकीबाला सांगितले. ती माझ्यावर ओरडली. "म्हणजे मी कोणाची? रस्त्यावर सापडले तुला?" तिने भांडे आपटले, दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी ती न सांगता बाहेर गेली. बेवारस माणसांना नगरपालिका जिथे पुरते ती गावाबाहेरची जागा तिने पाहिली. परत आली तेव्हा बुटांना खारी माती लागली होती. चुलीपाशी बसून म्हणाली, "आई, तिथे थडगी नाहीतच. ट्रॅक्टरनं चर काढून ठेवलेत आधीच, माणसं यायची आहेत अजून." थोड्या वेळाने म्हणाली, "लिहून दे. माझंही नाव घाल त्यात, नाही तर ते अर्ज परत पाठवतील."

म्हणून खालीलप्रमाणे.

निवेदन

अ) सदर मयत परदेशी पुरुष मला अनोळखी आहे. मी त्याला जिवंतपणी कधी पाहिलेले नाही.

ब) त्याच्याशी माझा कोणत्याही प्रकारचा विवाह झालेला नव्हता.

क) शकीबा ही त्याची मुलगी नाही. ती कोणाची, हे मी सांगू शकत नाही.

ड) हे मी कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने लिहून देत आहे.

११. निवेदन पूर्ण झाल्यावर मी श्री. फरहमंद यांना विचारले की मयताला स्नान घालताना मला आत येता येईल का, कारण पत्नीला तेवढा अधिकार धर्माने दिला आहे. ते म्हणाले, "खानम, आत्ताच तर लिहून दिलंत. परक्या पुरुषाचं तोंड तुम्हाला कसं दाखवणार? शिवलेल्या कफनात मिळेल." मी म्हटले, त्या गाडीतले तिघेही बेवारस पडून आहेत, तिघेही पन्नाशीचे. माझा कोणता, हे तरी पाहून द्या. त्याच्या डाव्या हाताचे एक बोट दोराने गेलेले आहे. त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. मग हळूच म्हणाले, "अनोळखी माणसाचं बोट तुम्हाला कसं ठाऊक? हे लिहू नका. सगळंच अडेल." शवागाराचा क्रमांकही फक्त नातेवाइकांनाच सांगतात.

सबब, ओळख पटवून देण्याची माझी मागणी मी मागे घेत आहे. तिघांपैकी आपण जो द्याल तो मी घेऊन जाईन. त्याला कुशीवर, किब्ल्याकडे तोंड करून ठेवीन आणि शकीबाला सांगेन की हे तुझे बाबा. तिने विचारले, तर चेहरा मी पाहिला होता असेही सांगेन.

कोणताही एक देण्याचा आदेश व्हावा.

आपल्या आदेशाच्या अधीन,

(सही)
तय्यबे सब्बाग
अविवाहित

गुलदश्त, ९ आबान १४०४

सोबत :
१) ओळखपुस्तिकेची प्रत, कोऱ्या पानासह.
२) वस्तीच्या कब्रस्तानातील जागेची पावती. 'मयताचे नाव' हा रकाना रिकामा ठेवला आहे.
३) कफनाचे कापड. तिघांपैकी सर्वात उंच माणसालाही पुरेल एवढे घेतले आहे.