देवाला सांगितलेला पत्ता

वैशाख वद्य द्वादशी

काल दुपारी काशीत पाऊल टाकले. लिहिते आहे बकुळ, सांगते आहे मी. मला अक्षर येत नाही, तोंड मात्र चांगले चालते. बकुळ माझी नातसून. इथेच जन्मलेली, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरते. तिला बजावले आहे, मी म्हणेन ते जसेच्या तसे उतरव. तुझ्या नवऱ्याला नावे ठेवली तरी गाळू नकोस. ती हसली. पोरगी बरी आहे.

मी वाईहून आले ती मरायला. घाई नाही. आज सकाळी विश्वनाथासमोर पाणी सोडले की आता या क्षेत्राच्या शिवेबाहेर पाऊल टाकणार नाही. शिवेच्या आत देह पडला तर सुटका. वीतभर बाहेर पडला की पुन्हा जन्म, पुन्हा सासू, पुन्हा भाकऱ्या. एवढ्यासाठीच म्हातारपणी आगगाडीचा धूर खाल्ला.

घर मंगला गौरीजवळ, वरच्या मजल्यावर. खिडकीतून गंगा दिसते आणि पंचगंगा घाटावरच्या बायकांची भांडणे फुकट ऐकायला मिळतात. कैरीचे पन्हे प्याले. सुख आहे.

ज्येष्ठ शुद्ध तृतीया

आमचे नातू यज्ञेश्वर, शाळेत संस्कृत शिकवतात, ते प्रवासाला निघणार आहेत. रामेश्वर? बदरीकेदार? छे! पार उत्तरेला नॉर्वे म्हणून मुलूख आहे, त्याच्याही टोकाला, जिथे समुद्र गोठतो आणि हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. आपले ऋषी तिथे राहत होते म्हणे आणि त्यांची पहाट महिनाभर चाले. मी विचारले, पहाट महिनाभर चालली तर गाईंची धार कधी काढत? विद्वानांनी नकाशा उघडला.

कलकत्त्याहून मागवलेला लोकरी कोट आला. बाहेर लू वाहते आहे, भिंतीला हात लावला तर पोळतो, आणि हे गृहस्थ कोट-कानटोपी घालून आरशापुढे उभे, घाम नाकावरून टपकतो आहे. शिवाय हरणाच्या कातड्याचे बूट. ते सोवळ्याच्या दांडीवर वाळत घालणार का, विचारले. नकाशावर बोट फिरवत बंदरांची नावे अशी घेतो, जशी मामाची गावे. बकुळचे काय, ते तिला अजून सांगितलेले नाही. इथे तिची लेखणी थांबली. लिही गं, लिही.

ज्येष्ठ शुद्ध षष्ठी

आता तालीम सुरू झाली. अंधाराची सवय व्हावी म्हणून मागच्या खोलीच्या खिडक्यांवर डांबर फासलेली तरटे ठोकली. सकाळची संध्याही आतच. मी दाराशी जपमाळ घेऊन बसले होते, संकल्प कानावर पडला. बापाचा ऐकला, नवऱ्याचा ऐकला, मुलाचा ऐकला. आधी आपण कुठे बसलो आहोत ते देवाला सांगायचे, मग काय करणार ते. हा शहाणा काशीचे नावच घेईना! मेरूच्या उत्तरेला, हिमसमुद्राच्या तीरावर, असे म्हणून पाणी सोडून मोकळा झाला.

बाहेर आल्यावर मी विचारले, देवाला खोटा पत्ता दिलास? म्हणाला, आजी, तिथे गेल्यावर जीभ अडखळू नये म्हणून सराव. रोज त्रिकाळ असाच म्हणणार. मी म्हटले, खोटा पत्ता पोस्टमनला दे, सासऱ्याला दे. देव फार सरळ असतो, सांगाल तिथे येऊन बसतो. तो हसला. हसताना बापासारखाच मठ्ठ दिसतो.

ज्येष्ठ शुद्ध नवमी

घरात गारवा आला आहे. माठातल्या पाण्याने दातांना कळ लागते. परवा शेजारणी पंखे घरी ठेवून आमच्याकडे दुपार काढायला आल्या. काल पदर लपेटून बसल्या. आज आल्या नाहीत.

तूप थिजले. ज्येष्ठात! शिवराम आचाऱ्याने पळी त्यात उभी करून दाखवली. बोलताना बकुळच्या तोंडातून वाफ निघते. मी म्हटले, एवढी कोणावर तापलीस? ती हसली नाही.

दशमी

गंगा दशहरा. घाटावर स्नान केले. पायऱ्या तापलेल्या, माणसांची रेटारेटी, एका पंड्याशी भांडण, मोठी मजा आली. ओले लुगडे चालता चालताच सुकत होते. घराच्या जिन्यावर आले तर काठ कडक झाला. मोडला तर काड्‌कन वाजला.

शिवराम पळाला. यज्ञेश्वराला जेवायला बोलवायला मागच्या खोलीत शिरला, तो पांढराफटक होऊन बाहेर. म्हणाला, पलीकडची भिंत नाही. मालक फार लांब बसले आहेत, हाक पोचत नाही. स्वतःचा तांब्याही न घेता गेला. मी म्हटले, भांग. बकुळ म्हणाली, शिवराम भांगेला शिवत नाही.

खिडकीतून गंगा पांढरी दिसते. उन्हाने असेल.

एकादशी

निर्जला. पाण्याचा थेंबही नाही. उद्या सूर्य उगवला की पारणे.

यज्ञेश्वराच्या अंगात कोट आहे आणि घाम नाही. गाल लाल. त्याने तरटे काढली, आता गरज नाही म्हणाला. काढली तरी उजेड आला नाही. दुपार होती — दुपारच असावी.

मी दरडावले की उद्याच्या संकल्पात मुकाट्याने काशीचे नाव घ्यायचे. त्याने विचारले, कोणाचे नाव? थट्टा वाटली. त्याच्या डोळ्यांत पाहिले. थट्टा नव्हती.

द्वादशी — की अजून एकादशीच

सूर्य उगवला नाही. पारणे नाही. घसा वाळला. बकुळ तांब्या घेऊन आली, आत ठोकळा. वितळला असता तरी घेतला नसता. नेम म्हणजे नेम.

घाटावरच्या बायका ऐकू येत नाहीत. घंटा नाही. बकुळने बाहेरचे दार उघडले. जिना नाही. नुसते पांढरे, सपाट — आणि वारा.

यज्ञेश्वर बूट चढवून त्यातून चालत गेला. बकुळने हाक मारली. वळला नाही. निघाला एकदाचा प्रवासाला. मूर्ख.

तिथी —

उगवला नाही.

शाई गोठते. बकुळ दौत काखेत धरते. माझे पाय मला लागत नाहीत.

मी शीव ओलांडली नाही. एक पाऊलही नाही. शीवच — माझ्या खालून काढून घेतली त्या गाढवाने. इथे देह पडला तर — पुन्हा जन्म, पुन्हा —

रडू नको, बकुळ. पापण्या चिकटतात.

—

तेल थिजले. दिवा गेला. ती अंदाजाने लिहिते आहे.

संकल्प मीच करते. बायकांनी करू नये म्हणतात. पुरुषांनी केला त्याचे काय झाले ते दिसतेच आहे. खरा पत्ता सांगितला की — ऐकेल तो. सरळ आहे.

देवा, मी बसले आहे — भागीरथीच्या पश्चिम तीरावर — क्षेत्री —

क्षेत्री —

जिभेवर आहे. मरायला आले ते गाव — बकुळ, नाव सांग. तू इथलीच ना, तुझ्या बापाचे घर कुठल्या — अगं, मी म्हणते ते नुसते उतरवू नकोस, तोंडाने बोल, तुझ्या गावाचे नाव —