बर्फातला निळा उजेड

कुंडल, रविवार, दिवेलागण

आज आम्ही दोघं सांगलीला पिक्चर बघून आलो. परग्रहावरचे लोक येऊन गेले, सरकारनं ते दडवलं आणि एका शिपायानं जगापुढं मांडलं, अशी गोष्ट. पडद्यावर बर्फात निळा उजेड उतरला आणि ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत कधी धरला नव्हता. मला वाटलं, एसीची थंडी वाजत असेल.

परतताना एसटीत हळूच म्हणाले, "असला उजेड मी बघितलाय. फौजेत, बर्फात पहाऱ्याला असताना. साहेब म्हणालं, घरी बी बोलायचं न्हाई."

हात अजून धरलेलाच. पेन्शनीत येऊन एवढी वर्षं झाली, आणि हा माणूस गप्प?

"आवं, मला तरी सांगायचं."

"शब्द दिला हुता."

"मग आज का सांगितलं?"

"आज परत दिसला, आन् तू शेजारी हुतीस. तवा एकटा हुतो. लय भ्यालो हुतो."

राग यायला हवा होता. आलाच नाही. उजेड कशाचा होता, मला काय कळणार? पण ते भ्याले होते, हे खरं.

दारात चपला काढताना म्हणाले, "कुणाला बोलू नगंस."

आता गप्प बसणारे आम्ही दोघं झालो.