कालव्याकडचे वाफे

३ जून
उद्या चाचणीची आखणी. कापसाची बारा वाणं, जमिनीचे चार गट. प्रत्येक गट कालव्यापासून टेकाडापर्यंत लांब, त्यात बाराही वाणं. कुठलं वाण कोणत्या वाफ्यात, ते चिठ्ठी ठरवणार. वशिला नको. मी तयार केलेलं सात नंबर पहिलं आलं की मान्यता नक्की. बायकोला, सरयूला, सांगून टाकलंय, वाणाला तुझं नाव.

४ जून
पहिल्या गटात सात नंबर टेकाडावर निघालं. चिठ्ठ्या नीट घुसळल्या नव्हत्या. पुन्हा टाकल्या. पुन्हा. फार्म मॅनेजर ठाकोरभाई म्हणाले, साहेब, आता लोणी निघेल.

संध्याकाळी
तीन गटांत सात नंबर कालव्याकडे. तिथे ओल टिकते, कापूस भरतो. पण हा योगायोग. चौथ्या गटात चिठ्ठी माझ्या तळहातालाच चिकटून राहिली. घाम फार येतो. बीपी तपासायला हवं.

२० जून
सांख्यिकीच्या निरुपमाबेन भरूचहून आल्या. नकाशा पाहून म्हणाल्या, अमीनसाहेब, चारही वेळा पाण्याकाठी? लॉटरीचं तिकीट काढा. मी हसलो. त्यांनी गाठिया खाल्ले नाहीत.

९ ऑगस्ट
पाऊस थांबत नाही. कालवा फुटून कडेच्या वाफ्यांत पाणी. सात नंबरभोवती चर खणायला सांगितलं. ठाकोरभाई म्हणाले, बाकीच्यांनी काय पाप केलंय? चर रद्द. नियम म्हणजे नियम.

२ सप्टेंबर
पाण्यात मुळं कुजून सात नंबर उभ्या उभ्या सुकलं. उभारी धरेल.

१२ डिसेंबर
वेचणी संपली. सात नंबर बारावं. बैठकीत पाण्याचं कारण मांडणार. ठाम.

१६ डिसेंबर
मांडलं. अध्यक्ष म्हणाले, पटतंय, पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ चाचणी. फक्त यंदा चिठ्ठ्या कशा टाकल्या ते लिहून द्या, ठाकोरभाईंच्या सहीने.
ठाकोरभाई खिडकीबाहेर पाहत होते.
मी म्हणालो, नको. निकाल मान्य आहे.
निरुपमाबेन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, जूनमध्ये मी संशय घेतला, माफ करा. स्वतःच्या लेकराला कुणी हाताने बुडवतं का? असा माणूस खात्यात दुसरा नाही. टाळ्या झाल्या. सात नंबर कायमचं बाद.
नव्या भरतीला चाचणीतल्या सचोटीवर व्याख्यान द्याल का, असं अध्यक्षांनी विचारलं. जानेवारीतली तारीख दिली.
घरी सरयूने विचारलं, माझ्या वाणाचं काय झालं?
म्हणालो, त्यात दमच नव्हता.