शेहेचाळीस डबे

अल मनखूल, गुरुवार

प्रिय अर्चना,

व्हॉट्सॲपवर माझा मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून कागद, आजच्या आज माणसाहाती पाठवतेय. चौथी शिकलेलीचं अक्षर आहे, हसायचं तर हस. तुला कडेवर घ्यायला कुणी नव्हतं म्हणून मला शाळेतून काढलं, हे आई सांगायची तेव्हा तू कानात बोटं घालायचीस.

मिहिकाच्या वाढदिवसाला मी रीम आयलंडवर तुमच्या घरी साठ माणसांचं जेवण घेऊन आले. पाहुण्यांना तू म्हणालीस, या आमच्या टिफिनवाल्या आंटी. पोर बिचारी बोलली, बट मम्मा, शी इज मावशी! तिला तू आत पिटाळलंस. मी वाढत राहिले. पुऱ्या गार झाल्या असत्या.

असो. आता तुझ्या उल्हासरावांच्या ऑफिसचं ऐक. मालगाड्यांच्या त्या दोन बड्या कंपन्या. गाड्या धावतात अमेरिकेत, कारकुनी चालते इथे दुबईत. दोन्ही ऑफिसांना दुपारचे डबे माझे. सहा महिने सगळे मर्जर, मर्जर करतायत. कुणी म्हणे होणार, कुणी म्हणे तिकडचं सरकार अडवणार. दोन चुली एक झाल्या की स्वयंपाकिणी दोन कशाला ठेवतील, एवढं मलाही कळतं. मागच्या गुरुवारी ऑफिसातल्या प्रज्ञाने एक तारखेपासूनच्या डब्यांची यादी पाठवली. आजवर दोन याद्या यायच्या, एक्केचाळीस नावांची आणि अडतीस नावांची. ही एकच. पत्ता एक, नावं शेहेचाळीस. पाच मिनिटांत तिचा रडत फोन, ताई डिलीट करा, कुणाला बोलू नका. केली. पण आधी बोट ठेवून तीनदा वाचली. उल्हासराव त्यात नाहीत.

सोमवारी ते स्वतः माझ्या खाणावळीत आले. जबल अलीच्या एका कंपनीने त्यांना नोकरी देऊ केली होती, उत्तर त्याच दिवशी द्यायचं होतं. ताई, दोन्हीकडची माणसं तुमच्याकडे जेवतात, कानावर काही आलंय का, म्हणून विचारलं. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला, मिहिकाची शाळा गेली. बोलता बोलता घास हातातच राहिला त्यांचा. मी म्हटलं, भरल्या पानावर अभद्र बोलू नका, सगळ्या अफवा आहेत. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. माझ्यासमोरच त्यांनी तिथल्या फहदसाहेबांना फोन लावून नाही सांगितलं, खलास. मग आमटी मागून घेतली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

उद्या ऑफिसात कामावरून काढल्याच्या चिठ्ठ्या वाटतील. उल्हासराव पहिला फोन फहदसाहेबांना करतील, तो करू देऊ नकोस. मंगळवारी मी माझ्या कुणालला तिथे त्याच जागेसाठी पाठवला, काल त्याची सही झाली. पाच वर्षं गोदामात उन्हाने भाजून निघालाय माझा पोरगा. ती खुर्ची कुणाची होती ते त्याला ठाऊक नाही. त्या फोनमुळे कळलं तर सोडून देईल, काकांना द्या म्हणेल. मावशीवर जीव आहे मेल्याचा. आणि एकदा नाही म्हणून गेलेल्या माणसाला फहदसाहेब परत घ्यायचे नाहीत. म्हणजे ना तुमची, ना आमची. तेव्हा तू नवऱ्याला आवर आणि तोंड बंद ठेव. एवढ्यासाठीच लिहायला बसले.

तुझीच म्हणायची रीत आहे, म्हणून तुझीच,
कमलताई