महाराजांनंतर कोण?

उलवे,
साखरचौथीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप कुंदनदादा यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा हरेश याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? सासूबाईंना खाडीवरचा वारा बाधत नाही ना? खरं तर फोनच करणार होतो, पण हल्ली तुमच्या घरचा फोन सुचिता उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते. म्हणून पत्र. ती माहेरी विश्रांतीला गेली आहे असं मी इथे सगळ्यांना सांगितलं आहे, तुम्हीही तसंच सांगावं. तिने तुम्हाला काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. आता माझी बाजू ऐका.

आमच्या सोसायटीच्या साखरचौथीच्या गणपतीत इतिहासावर बोलायचा मान माझा, हे तुम्ही जाणताच. (न्हावा शेव्याच्या यार्डात कुठला कंटेनर कुठे रचायचा हे ज्याने आयुष्यभर ठरवलं, त्याला व्यूहरचना शिकवावी लागत नाही.) गेल्या वर्षी 'जगातला सर्वश्रेष्ठ सेनापती कोण' असा वादविवाद ठेवला, तर झाडून सगळे वक्ते महाराजांच्या बाजूने उभे राहिले. समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या. भांडायचं कुणाशी? शेवटी सगळ्यांनी मिळून जयजयकार केला, प्रसाद खाल्ला आणि परीक्षक मालतीबाईंनी बक्षिसाची ढाल परत कपाटात ठेवली. म्हणून यंदा ठराव झाला, की महाराज स्पर्धेच्या वर. वाद फक्त त्यांच्यानंतर कोण, एवढ्यापुरताच.

मी अर्थातच पहिले बाजीराव घेतले. पालखेडचा नकाशा काढला, काडेपेट्यांची फौज मांडली, घोडदळ कुठून वळलं ते तांबड्या दोऱ्याने दाखवलं. घरी सुचितासमोर तालीमही केली. तिने वाटाणे सोलत ऐकली आणि निजाम कोंडीत सापडायच्या आत कुकर लावायला उठून गेली. पण त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या प्रकाराचं.

तो प्रकार म्हणजे राजवर्धन. तुम्हीच सज्जन म्हणून पाठवलेला, माझ्याच इमारतीतला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. क्लासमध्ये इतिहास शिकवतो. उंच आहे (यात त्याचं कर्तृत्व काही नाही), डोक्यावरचे केस सगळे जागच्या जागी आहेत, आणि आवाज असा, की पाणी कधी येणार एवढं जरी त्याने विचारलं तरी बायका जिन्यात थांबून ऐकतात. आपल्याकडे घरात जिताडा मासा आला की डोक्याचा मानाचा तुकडा कुणाच्या ताटात जातो हे तुम्हाला सांगायला नको. दादा, मागच्या महिन्यात तो तुकडा डब्यात बसून वर गेला. 'एकटा जीव हाय बिचारा,' असं सुचिता म्हणाली. मी शेपटीकडचा खाल्ला आणि काट्याचं निमित्त करून पानावरून उठलो. जळतो म्हणा हवं तर. हो, जळतो!

वादाच्या दिवशी माझं भाषण उत्तम झालं. (टाळ्या कमी पडल्या, कारण लोकांच्या हातात मोदक होते.) मग हा उठला. कागद नाही, नकाशा नाही. त्याने हॅनिबल घेतला. हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडले वगैरे सगळं सांगून झालं, पोरं आ वासून बसली. मग हळूच म्हणाला, एवढा मोठा सेनापती, पण घरून रसद आली नाही, तिथे त्याचं गाडं अडलं. लढाई तलवारीवर नाही, पोटावर चालते. आणि असा सेनापती बघायला परदेशी जायची गरज नाही, तो याच सभागृहात तिसऱ्या रांगेत बसला आहे. तिसऱ्या रांगेत मी होतो. मी उठायच्या बेतात होतो. तर म्हणतो कसा, सुचिताताई! लेकीच्या, म्हणजे उन्नतीच्या, हळदीला आचाऱ्याचा टेम्पो बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या मागे अडकला, दारात सगळा गाव जमलेला, आणि तरी एक माणूस उपाशी उठला नाही. याला म्हणतात सेनापती.

सभागृह उसळलं. बायका उभ्या राहिल्या. सुचिता पदराआड हसली, आणि दादा, ते हसू मी आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितलेलं नाही. मला काय झालं कोण जाणे, मी उभा राहिलो आणि ओरडलो, "मटण कमी पडलं होतं!"

आपल्या माणसांत, आपल्याच पोरीच्या हळदीबद्दल, भर सभेत, आणि तेही मुलीच्या बापाने! मालतीबाईंनी कपाळाला हात लावला. खरं विचाराल तर मटण कमी पडलं नव्हतं, फक्त माझ्या पानात उशिरा आलं होतं. पण हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत सुचिता माझ्यासमोर उभी होती. "मटान कमी परला? माजे पोरीचे हलदीला?" एवढंच म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ढाल राजवर्धनला मिळाली. त्याने ती सुचिताच्या हातात दिली, आणि मुद्दाम नाही पण लक्षात येईल इतपत वाकून दिली.

घरी मी आता भात आणि सुका जवळा यांवर आहे. शेजारणी माझ्याकडे बघून हळूच विचारतात, खरंच कमी पडलं होतं का हो? उन्नतीच्या सासूचाही फोन येऊन गेला. दादा, घर खायला उठतं. ती नसली की मला ऐकवायलाही कुणी उरत नाही, अगदी वाटाणे सोलत ऐकणारंसुद्धा. तिला समजवा. लहानांना आशीर्वाद, सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवून,

तुमचा आज्ञाधारक
हरेश

ता. क. नुसतं समजावून ती यायची नाही, हे मलाही कळतं. म्हणून दसऱ्याच्या कार्यक्रमात माइक मागून घेतला आहे. विषय, त्या हळदीची मोहीम. पहिलं वाक्य लिहिलं आणि अडलो. पालखेडला कुठली तुकडी कुठे होती ते मी झोपेतही सांगेन, पण त्या संध्याकाळी मी बेंजोवाल्याशी भांडत होतो. तिने कुणाला कुठे धाडलं, भाकऱ्या कुठल्या घरांतून आल्या, चुली कुणी पेटवल्या, मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. सासूबाई तिथे कांदे चिरत होत्या. त्यांना विचारून सगळं सविस्तर कळवा. सुचिताला मात्र पत्ता लागू देऊ नका.

आणखी एक. वरच्या मजल्यावर जाऊन विचारा असं सुचवू नका. राजवर्धनला सगळं माहीत आहे, पार मीठ कुणी टाकलं इथपर्यंत. तिनेच सांगितलं त्याला. त्याने विचारलं होतं म्हणे.