शिडीवरचा दहावा

२ जानेवारी १८९३, सोमवार
नव्या वर्षाचे संकल्प. एक, डोनट बंद. दोन, रोज सकाळी व्यायाम. तीन, गावच्या बास्केटबॉल टीममध्ये जागा मिळवणे. टीम नऊ जणांची आणि नऊही जागा भरलेल्या, पण गुण काही लपून राहत नाहीत. वर्षभरापूर्वी हा खेळ स्प्रिंगफील्डात निघाला तेव्हा मीच म्हणालो होतो, आठवडाभराचं खूळ आहे. तेव्हा माझा जरा घाईत विचार झाला.

३ जानेवारी
एक डोनट. शिळा होता, लविनिया टाकूनच देणार होती. हा धरत नाही. व्यायाम थंडीमुळे उद्यापासून.

७ जानेवारी, शनिवार
जिममध्ये प्रॅक्टिस. कॅप्टन ऑरिन पेकने मला दहा मिनिटं खेळू दिलं. बॉल दोनदा हातात आला. दोन्ही वेळा मी नीट विचार केला. बॉल घेऊन पळायचं नाही असा नियमच आहे, आणि मी तर जागचा हललोसुद्धा नाही. तरी पेक ओरडला, अरे टफ्ट्स, बॉल आहे तो, अंडं नाही उबवायला! हल्लीच्या लोकांना विचार सोसत नाही.
नंतर मात्र त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, तू बुटांच्या दुकानात ना? दिवसभर शिडीवरच असतोस ना? म्हटलं, बारा वर्षं. सर्वांत वरच्या फळीवरचा खोका डोळे मिटून काढतो. तो म्हणाला, बास, मग शिडी तुझी.
आता खेळ कसा चालतो ते बघा. सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांची टोपली ठोकलेली. गोल झाला की बॉल आत जाऊन बसतो. कोणी शिडी लावून तो काढेपर्यंत अठरा धडधाकट माणसं कमरेवर हात ठेवून उभी. खेळ कोणाच्या जिवावर चालतो, हे वेगळं सांगायला नको.

८ जानेवारी
लविनियाला सांगितलं, तुझा नवरा टीममध्ये आला. तिने विचारलं, खेळायला? म्हटलं, दहावा आहे मी. ती म्हणाली, टीम तर नऊची असते. बायकांना खेळातलं काय कळणार! जर्सी विणायला सांगितली आहे. निळी लोकर, बाह्या ऐसपैस, वर हात करायला सोयीच्या.

१२ जानेवारी
दुकानात घड्याळ लावून सराव. वर आणि खाली, अकरा सेकंद. मालक म्हणाले, टफ्ट्स, गिऱ्हाईक नसताना शिडीवर काय करतोयस? या माणसाच्या आयुष्यात क्रीडा नाही.
दोन डोनट. मेहनतीच्या मानाने कमीच.

२१ जानेवारी, शनिवार
मोठी बातमी. १८ फेब्रुवारीला शेजारच्या हॅलोवेल गावाशी मॅच. मॅचनंतरच्या सोमवारी फोटोवाला येणार. पेक म्हणाला, ज्यांच्यावाचून अडलं तेच फोटोत. म्हणजे मी आलोच.
आमच्या घराण्यात कोणाचाही फोटो कशासाठीही काढलेला नाही. वडील गेले तेव्हा एकही नव्हता. आता त्यांचा चेहरा आठवायला बसलो तर फक्त मिशा आठवतात. मला हा फोटो हवा आहे. अगदी मनापासून हवा आहे.
बैठकीच्या खोलीत खिळा आजच ठोकला. मुद्दाम छताजवळ, दारातून आत येणाऱ्याची मान आपोआप वर व्हावी म्हणून. लविनिया म्हणाली, मिस्टर टफ्ट्स, त्यावर काय, टोपी अडकवायची? ती मला मिस्टर म्हणते तेव्हा मी उत्तर देत नाही.

४ फेब्रुवारी
जिमची सभा. वेंडेल नावाच्या एका अतिशहाण्याने सुचवलं की टोपलीला खालून भोक पाडू, बॉल काठीने ढकलून काढू, शिडीची कटकटच नको. मी उठलो. पंधरा मिनिटं बोललो. बूड नसलेली टोपली म्हणजे टोपलीच नव्हे, आणि उद्या बूट शिवतानाही तळ वगळा म्हणाल, असं ठणकावलं. लोक घड्याळं बघायला लागले, इतका परिणाम झाला. सूचना बारगळली.

१७ फेब्रुवारी
जर्सी झाली. बाह्यांकडे बघून लविनिया म्हणाली, एकेकीत पोतंभर पीठ मावेल. मावू दे. उद्याची सोय आहे ती.

१८ फेब्रुवारी, शनिवार
घटना जशी घडली तशी लिहितो.
दोन-दोन बरोबरी. चार मिनिटं उरलेली. पेकने गोल केला, तीन-दोन. मी शिडीवर. झपाट्याने चढलो, हात आत घातला, बॉल धरला आणि बाही आतल्या एका खिळ्यात अडकली. ओढली तर दुसऱ्यात. पायाखालची शिडी सरकली. मी कठड्याला लोंबकळतोय, एक हात टोपलीत. सज्जातल्या बायका मदत करायच्या सोडून हसत होत्या. त्यातलं एक हसू मी अकरा वर्षं रोज ऐकतो.
हॅलोवेलचे लोक ओरडले की हे वेळ काढतायत. शेवटी पेक ओरडला, करवत आणा रे! क्षणभर मला वाटलं, हात कापतात. वेंडेलने टोपलीचं बूड कापलं. बॉल पडला, मागोमाग माझा हात सुटला, मागोमाग मी.
टाळ्या झाल्या. त्या बॉलला होत्या, असं पेक म्हणतो.
मग पुन्हा गोल झाला. बॉल आत गेला आणि खालून बाहेर आला. मी शिडी घेऊन धावलो. तोवर ते दुसऱ्या टोकाला पोचले होते. मग दुसऱ्या टोपलीसाठी हॅलोवेलवाल्यांनीही करवत मागून घेतली.
आम्ही जिंकलो. माझ्यामुळे, हे उघड आहे. तरी मला कोणी खांद्यावर घेतलं नाही. वजनामुळे असेल.

२० फेब्रुवारी, सोमवार
फोटो झाला. नऊ जण. फोटोवाल्याला जरा उंचावरून काढायचा होता. पेक म्हणाला, टफ्ट्स, तुझ्याइतकी शिडी कोणाला कळते? धर. मी धरली. फोटो जराही हलला नाही, ते माझ्यामुळेच.
चार डोनट.

२३ फेब्रुवारी
दर गुरुवारी जिममध्ये आता बायकांचा बास्केटबॉल. लविनियाने नाव दिलं. पुरुषांना बघायला बंदी. मी म्हटलं, मी पुरुष म्हणून नाही, जाणकार म्हणून येतो. दारावरच्या बाईंनी दार लावून घेतलं. जर्सी लविनियाने उसवून आपल्या मापाची केली. विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तिला माहीत आहे.

१५ एप्रिल, शनिवार
बायकांच्या टीमने गेल्या आठवड्यात हॅलोवेलला हरवलं. तीन गोल लविनियाचे. त्यांचाही फोटो निघाला, आज घरी आला. ती मधोमध, निळ्या जर्सीत, मांडीवर बॉल. चांगली दिसते. खरंच चांगली दिसते.
म्हणाली, खिळा रिकामाच आहे ना? पण हात पोचत नाही रे.
मी शिडी आणली. चढलो, फोटो टांगला, सरळ केला, उतरलो. नऊ सेकंद. आजवरचा माझा विक्रम. कोणी मोजत नव्हतं.